वाजवणाऱ्याचं नाव घ्या : हवाईयन स्टील गिटारचा रेडिओ कार्यक्रम कसा उभा करावा

हवाईयन गिटार हे नाव मराठी घरांत नवं नाही. विविध भारतीवर दोन कार्यक्रमांच्या मधली मिनिटं भरायला सिनेमातली गाणी गिटारवर वाजायची. त्यातली पुष्कळशी गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून पोलादी कांडी सरकवत वाजवलेली असत. या कांडीमुळेच तिला स्टील गिटार, किंवा नुसतं ‘स्टील’, म्हणतात. वाजवणारा कोण, हे बहुतेक वेळा सांगितलं जात नसे. या वाद्याच्या मायभूमीतही वाजवणाऱ्यांच्या वाट्याला बरंचसं हेच आलं. तबकडीवर गायकाचं किंवा बँडचं नाव छापलं जाई, आणि ज्या सुरांमुळे ते गाणं हवाईचं वाटे ते सूर काढणारा माणूस निनावी राही.

रेडिओवर ही परंपरा टिकवायची तर मुख्य काम हेच आहे. गाणी लावायला आता यंत्रं पुरेशी आहेत. कोण वाजवतंय, कुठल्या काळात, कुणाकडून शिकून, हे सांगणारा माणूस लागतो. तुम्ही कम्युनिटी रेडिओवर, कॉलेजच्या स्टेशनवर, परदेशातल्या एखाद्या स्वयंसेवी केंद्रावर किंवा इंटरनेट रेडिओवर आठवड्याला एक तास मिळवू शकत असाल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

आधी : हे संगीत आणि रेडिओ यांचं नातं

ओआहू बेटावरच्या लाइए गावचा जोसेफ केकूकू (जन्म १८७४) शाळकरी वयात गिटारच्या तारांवर धातूचा तुकडा सरकवून वाजवू लागला. हे सर्वांत आधी कुणी केलं यावर वाद आहे. जुन्या लिखाणात भारतात जन्मलेल्या गॅब्रिएल डेव्हियन या मुलाचंही नाव येतं. पण ती पद्धत घडवली, इतरांना शिकवली आणि जगभर नेली ती केकूकूने. १९०४ मध्ये तो हवाई सोडून अमेरिकेच्या मुख्य भूमीवर गेला, पुढे युरोपभर वाजवत हिंडला आणि १९३२ मध्ये न्यू जर्सीत वारला. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोत भरलेल्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनात हवाईच्या दालनातलं संगीत लाखोंनी ऐकलं आणि अमेरिकेत त्याची लाट उसळली. या वाद्याला मोठ्या सभागृहात ऐकू जाईल असा आवाज हवा होता. त्या गरजेतूनच रिकनबॅकर कंपनीची ‘फ्राइंग पॅन’ ही विजेवरची गिटार १९३२ मध्ये बाजारात आली. व्यापारी यश मिळवलेली पहिली इलेक्ट्रिक गिटार हवाईयन पद्धतीने मांडीवर ठेवून वाजवायची होती, हे कार्यक्रमात एकदा तरी सांगाच.

मग रेडिओ. ३ जुलै १९३५ रोजी वेबली एडवर्ड्‌स यांनी वायकिकीच्या मोआना हॉटेलच्या अंगणातून, वडाच्या झाडाखालून ‘हवाई कॉल्स’ सुरू केला. मायक्रोफोन पाण्याच्या कडेला नेऊन लाटांचा आवाज ऐकवला जाई. भरात असताना हा कार्यक्रम जगभरातल्या सुमारे ७५० स्टेशनांवर जाई, आणि तो १९७५ पर्यंत चालला. डेव्हिड केलीई, ज्यूल्स आह सी, बार्नी आयझॅक्स अशा वादकांची स्टील याच कार्यक्रमातून घराघरांत पोचली. हा कार्यक्रम पर्यटकांना डोळ्यांपुढे ठेवून सजवलेला होता, अशी टीका होते आणि ती खरी आहे. पण आठवड्याला नियमाने काम आणि व्यासपीठ दिल्याने वादकांची एक अख्खी पिढी त्यावर उभी राहिली, हेही तितकंच खरं.

पुढे रॉक आलं. सत्तरच्या दशकात हवाईच्या तरुणांना आपल्या भाषेची आणि संगीताची नव्याने ओढ लागली तेव्हा स्लॅक-की गिटार (तारा सैल करून बोटांनी वाजवायची) पुढे आली. स्टील अनेकांना हॉटेलातलं, पर्यटकांसाठीचं वाद्य वाटू लागली. तरुण वादक कमी झाले. त्या काळात तीन गोष्टींनी आधार दिला. होनोलुलूच्या केसीसीएन स्टेशनने १९६६ पासून फक्त हवाईचं संगीत लावायचं ठरवलं. ओहायोत जन्मलेले जेरी बर्ड १९७२ मध्ये हवाईत राहायला आले आणि तिथल्याच मुलांना स्टील शिकवू लागले. ॲलन अकाका त्यांचेच विद्यार्थी, आणि आता ते स्वतः पुढची पिढी घडवतात. तिसरी गोष्ट म्हणजे १९७९ मध्ये केसीसीएनवर सुरू झालेला हॅरी बी. सोरिया ज्युनियर यांचा ‘टेरिटोरियल एअरवेव्ह्‌ज’ हा जुन्या तबकड्यांचा कार्यक्रम. सोरिया प्रत्येक तबकडीमागची माणसं, साल, जागा सांगत. जुन्या ध्वनिमुद्रणांच्या पुनर्प्रकाशनांसाठी त्यांनी टिपणंही लिहिली. आपल्याला नमुना हवा असेल तर तो हा.

पायरी १ : कान तयार करा

पहिला भाग प्रसारित करण्याआधी काही आठवडे फक्त ऐकण्यात घालवा. हवाईयन स्टील सहसा एकटी बोलत नाही. ती गायकाची ओळ संपली की मधली जागा भरते, दोन कडव्यांमध्ये ‘व्हॅम्प’, म्हणजे त्यांना जोडणारा छोटा ठरीव तुकडा, वाजवते आणि मग एखादं कडवं पूर्ण उचलते. म्हणून गाणं लागलं की गायक गप्प होतो त्या जागांकडे लक्ष ठेवा. वादकाची ओळख तिथे पटते.

चार गोष्टी टिपा. कांडीचा कंप किती रुंद आणि किती वेगाचा आहे. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मींड लांबवली आहे की झटकन उरकली आहे. हार्मोनिक, म्हणजे तळहाताने तार हलकेच अडवून काढलेले घंटेसारखे सूर, किती आणि कुठे आहेत. आणि चौथी गोष्ट ट्युनिंग, म्हणजे मोकळ्या तारा कोणत्या सुरांना लावल्या आहेत. पहिल्या काळात ए मेजर जास्त, पुढे सोल होओपीईने रुळवलेलं सी-शार्प मायनर, आणि नंतर सर्वत्र पसरलेलं सी सिक्स्थ. ट्युनिंग बदललं की तारांवर सहज सापडणारे स्वरसमूह बदलतात, आणि त्यावरून मुद्रणाचा काळही अंदाजता येतो.

सुरुवातीला या काही वादकांवर पक्का हात बसवा :

फ्रँक फरेरा – १९१५ नंतरच्या लाटेतला सर्वाधिक मुद्रित झालेल्यांपैकी एक, साधी आणि गाण्याला धरून चालणारी शैली.

सोल होओपीई (१९०२–१९५३) – जॅझची वळणं, थक्क करणारा वेग. १९३८ मध्ये धर्मप्रसाराकडे वळेपर्यंतचं त्याचं काम अजूनही वादकांसाठी अभ्यासक्रमासारखं आहे.

डिक मॅकिंटायर – स्वच्छ, शांत, कुठेही घाई नाही. अमेरिकन गायक बिंग क्रॉस्बीच्या काही हवाईयन तबकड्यांवर हीच स्टील आहे, पण लोकांना क्रॉस्बी आठवतो.

डेव्हिड ‘फीट’ रॉजर्स – सन्स ऑफ हवाई या गटातला, घरातून आलेलं स्वतःचं ट्युनिंग वापरणारा. मोजके सूर, पण एकही वाया नाही. माझ्या मते जुन्या घाटाची हवाईयन स्टील कशी असावी हे समजून घ्यायला याच्याइतका चांगला गुरू नाही.

बिली ह्यू लेन – अपघातात डाव्या हाताचा पंजा गमावला, पण त्या हातावर चढवायच्या हातमोज्याला कांडी बसवून घेऊन ते आयुष्यभर वाजवत राहिले. त्यांची गोष्ट सांगा, पण आधी गाणं लावा. श्रोत्याने दया न करता ऐकलं पाहिजे.

यांच्यासोबत आजचे लोकही पहिल्या दिवसापासून ऐका : ॲलन अकाका, जेफ आउ होय, आणि माउई स्टील गिटार फेस्टिव्हलमध्ये वाजवणारे वादक. फक्त जुन्या तबकड्या लावणारा कार्यक्रम नकळत असं सांगून जातो की हे सगळं संपलं आहे.

पायरी २ : नाव शोधा

या पायरीवर जितका वेळ जाईल तितका द्या.

प्रत्येक गाण्यासाठी एक कार्ड किंवा स्प्रेडशीटमधली एक ओळ करा. त्यात गाण्याचं नाव, रचनाकार, गायक, बँड, स्टील कोणाची, मुद्रणाची तारीख आणि शहर, कंपनी, तबकडीचा क्रमांक, मॅट्रिक्स क्रमांक (लेबलजवळच्या गुळगुळीत भागावर कोरलेला असतो), आणि ‘ही माहिती कुठून मिळाली’ हा रकाना. शेवटचा रकाना गाळू नका. सहा महिन्यांनी कुणी श्रोता ‘हे डेव्हिड केलीई नाहीत’ असं म्हणाला तर तुम्ही कशाच्या आधारावर बोललात हे तुम्हालाच माहीत हवं.

माहिती मिळण्याच्या जागा साधारण या क्रमाने पाहा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सँटा बार्बरा ग्रंथालयाची अमेरिकन ऐतिहासिक ध्वनिमुद्रणांची सूची मोफत शोधता येते. तिच्यात व्हिक्टर, कोलंबिया, ब्रन्सविक अशा कंपन्यांच्या नोंदवह्यांवरून मुद्रणाच्या तारखा आणि अनेकदा वादकांची नावंही असतात. एलपीच्या पाठीवरचा मजकूर आणि पुनर्प्रकाशित सीडींच्या पुस्तिका दुसऱ्या. १९८० च्या दशकात सुरू झालेल्या हवाईयन स्टील गिटार असोसिएशनच्या त्रैमासिकाचे जुने अंक तिसरे. त्यांत वादकांनी स्वतः सांगितलेल्या आठवणी आहेत. या संघटनेच्या संस्थापक लॉरीन रुयमार यांनी १९९६ मध्ये स्टील गिटार आणि तिच्या वादकांवर ग्रंथ प्रसिद्ध केला, तोही मिळवा.

होनोलुलूतल्या स्थानिक कंपन्यांच्या तबकड्यांबाबत जास्त काळजी घ्या. चाळीस-पन्नासच्या दशकांत बेल, ४९वे स्टेट, हुला अशा लेबलांनी हवाईच्या लोकांसाठी हवाईच्या भाषेत गाणी काढली. मुख्य भूमीवरच्या कंपन्यांनी विकलेल्या गोडगोड माडाच्या झाडांपेक्षा हा माल फार वेगळा, आणि माझ्या मते कार्यक्रमाचा कणा हाच असायला हवा. गायिका जिनोआ केआवेंचा उंच, न थकणारा आवाज आणि त्यामागची स्टील ऐकली की कारण कळेल. पण या लेबलांवर वादकांची नावं कमी छापलेली असतात.

कानाने ओळखलेलं नाव आणि कागदावर सापडलेलं नाव हे वेगवेगळं सांगा. ‘नोंदीनुसार स्टील अमुक यांची’ आणि ‘शैलीवरून अमुक यांची वाटते’ ही दोन वाक्यं एकमेकांच्या जागी वापरू नका. आणि काहीच हाती नसेल तर ‘स्टील वाजवणाऱ्याचं नाव मिळालेलं नाही’ असं स्पष्ट म्हणा. नाव न घेता पुढे जाण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. त्यातून श्रोत्याला कळतं की तिथे एक माणूस बसला होता.

पायरी ३ : संगीत मिळवा, आणि हक्कांचं पाहा

अगदी जुनं मुद्रण मिळवणं सोपं झालं आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ‘नॅशनल ज्यूकबॉक्स’मध्ये व्हिक्टरच्या सुरुवातीच्या काळातल्या हजारो तबकड्या ऐकता येतात. पाले के. लुआ आणि डेव्हिड काइली या जोडीचं काम तिथे शोधा. इंटरनेट आर्काइव्हवर ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, तबकड्यांचा मोठा साठा आहे.

पण ऐकता येणं आणि प्रसारित करता येणं या वेगळ्या गोष्टी. अमेरिकेत २०१८ च्या कायद्याने जुन्या ध्वनिमुद्रणांवरच्या हक्कांची मुदत ठरवली. १९२३ पूर्वी प्रसिद्ध झालेली मुद्रणं १ जानेवारी २०२२ ला खुली झाली आणि १९२३ ते १९४६ मधली प्रसिद्धीनंतर १०० वर्षांनी, दर जानेवारीत एकेक वर्ष अशी खुली होत आहेत. १९४७ ते १९५६ साठी ११० वर्षं, आणि त्यानंतरची १५ फेब्रुवारी १९७२ पर्यंतची मुद्रणं २०६७ पर्यंत बंद आहेत. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतो. मात्र गाण्याच्या रचनेचा हक्क वेगळा. तो रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. म्हणजे तबकडी खुली पण गाणं बंद, अशी परिस्थिती अगदी नेहमीची आहे.

व्यवहारात तीन कामं करा. स्टेशनकडे कोणते परवाने आहेत ते लेखी विचारा. भारतात रचनांसाठी आयपीआरएस आणि मुद्रणांसाठी पीपीएल या संस्थांशी संबंध येतो. हवेवरच्या प्रक्षेपणाचा परवाना आपोआप इंटरनेटला लागू होतो असं धरून चालू नका. आणि तुमचं स्टेशन अमेरिकेतल्या वैधानिक (कायद्यानेच ठरलेल्या अटींवर मिळणाऱ्या) परवान्यावर इंटरनेटवर चालत असेल तर तीन तासांच्या अवधीत एका कलाकाराची चारपेक्षा जास्त किंवा एका अल्बममधली तीनपेक्षा जास्त गाणी लावता येत नाहीत. ‘संपूर्ण तास सोल होओपीई’ असा विशेष भाग तिथे नियमात बसणार नाही. त्याऐवजी ‘सोल होओपीई आणि त्याच्यामागून आलेले’ असा भाग करा. ऐकायलाही तो अधिक बोलका होतो.

आजच्या वादकांचं संगीत त्यांच्याकडूनच विकत घ्या, पत्र पाठवून परवानगी मागा, आणि कोणत्या दिवशी काय वाजलं ते कळवा. सीडी छापणाऱ्या छोट्या कंपन्यांनाही तेच. त्यांनी मेहनतीने स्वच्छ केलेली आवृत्ती आहे, कायद्याची पळवाट शोधून ती फुकट वापरणं शोभत नाही.

पायरी ४ : जुना आवाज जपून स्वच्छ करा

स्वतःकडे तबकड्या असतील तर ७८ साठीची रुंद सुई लावा. एलपीची बारीक सुई खाचेच्या तळाला घासते, आवाज खरखरीत येतो आणि दोन्ही बिघडतात. लाखेच्या तबकडीला अल्कोहोल कधीही लावू नका, लाख विरघळते. शुद्ध पाणी, सौम्य साबणाचा थेंब, मऊ ब्रश, आणि लेबल कोरडं.

‘७८’ हा वेगही नेहमी खरा नसतो. कोलंबियाच्या कितीतरी जुन्या तबकड्या ८० च्या वेगाने वाजवायच्या आहेत. इथे स्टीलचं ट्युनिंग मदतीला येतं. त्या काळात ए मेजर नेहमीचं, म्हणून गाणं जर ए आणि त्याखालच्या अर्धस्वराच्या मध्येच लटकत असेल तर वेग चुकला असण्याची शक्यता दाट. वेग थोडा वाढवून ए वर आणा आणि मग गायकाचा आवाज माणसासारखा वाटतो का ते ऐका.

आता सर्वांत जास्त नुकसान होतं ती जागा. आवाज स्वच्छ करणारं सॉफ्टवेअर खरखर आणि हार्मोनिक यांच्यात नीट फरक करू शकत नाही. जोरात वापरलं की स्टीलच्या घंटानादी सुरांची वरची झळाळी जाते, कांडीचा तारांवर सरकण्याचा बारीक आवाज जातो, आणि सगळी स्टील पाण्याखालून आल्यासारखी वाटू लागते. टकटक, फटफट काढा. सतत येणारी सूक्ष्म खरखर थोडी कमी करा आणि थांबा. जे काढलं ते वेगळं ऐकवण्याची सोय बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये असते. त्या कचऱ्यात सुरांचा मागमूस ऐकू आला तर मागे फिरा. मोनो मुद्रण मोनोच ठेवा, खोटा स्टिरिओ देऊ नका. आणि न बदललेली मूळ फाइल वेगळी साठवा.

पायरी ५ : तास बांधा

७८ च्या तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटांची. तासाला चौदा गाणी धरली तर बेचाळीस मिनिटं संगीत, चौदाएक मिनिटं बोलणं, उरलेली स्टेशनच्या घोषणांना. यापेक्षा जास्त गाणी कोंबली तर नावं सांगायला जागाच राहत नाही.

मला भावलेली रचना सांगते. पहिली दोन गाणी फक्त सलामी देऊन लगोलग. मग एका वादकावर तीन गाण्यांचा मुक्काम, शक्य तर त्याच्या तरुणपणापासून उतारवयापर्यंतची. मध्यावर एकच धून दोन-तीन वादकांनी कशी वाजवली ते सलग. ‘हिलो मार्च’ यासाठी उत्तम, कारण पुष्कळांनी ती वाजवली आहे आणि फरक नवख्या कानालाही कळतो. त्यानंतर हवाईच्या भाषेतली गायलेली गाणी, आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत किमान तीन गाणी आजच्या वादकांची. आजच्यांना कायम शेवटी ढकलू नका, महिन्यातून एकदा तासाची सुरुवातच त्यांनी करा.

वाद्यसंगीताला फार झुकू नका. हे संगीत गाण्याभोवती वाढलेलं आहे, बरंचसं हुला या हवाईच्या नृत्यासाठीही. गायन वगळून केवळ स्टीलचे तुकडे लावले तर तास लिफ्टमधल्या संगीताकडे घसरतो. जोरदार, भेदक अशा एखाद्या गाण्यानंतर ‘नाहेनाहे’, म्हणजे मऊ, हळुवार ढंगाचं गाणं ठेवा.

हवाईबाहेरची स्टील वेगळ्या भागांत द्या : जपानमधले बकी शिराकाता, नेदरलँड्‌समधले किलिमा हवाईयन्स. आणि आपल्याकडचा भाग तर करायलाच हवा. लाइएत वाढलेले ताउ मोए १९२८ मध्ये एका मंडळीबरोबर आशियाच्या दौऱ्यावर निघाले, आणि १९४० च्या दशकात पत्नी रोझ आणि कुटुंबासह अनेक वर्षं कोलकात्यात राहिले, वाजवले, शिकवलं. कोलकात्यात गार्नी निस यांचा अलोहा बॉईज हा गट होता. पुढे ब्रिजभूषण काबरा यांनी त्याच वाद्यावर राग मांडला. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरचा त्यांचा १९६७ चा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ कितीतरी मराठी घरांत असेल. विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा याच वाटेवरची. ताउ आणि रोझ मोए यांनी तरुणपणी १९२९ मध्ये मुद्रित केलेली गाणी गिटारवादक बॉब ब्रोझमन यांच्यासोबत म्हातारपणी पुन्हा गायली, तो अल्बम १९८९ चा. दोन्ही मुद्रणं पाठोपाठ लावता आली तर त्या दिवशी तुम्ही फार बोलू नका.

पायरी ६ : निवेदन

मराठीतून बोला. आपल्या कम्युनिटी रेडिओच्या नियमांत स्थानिक सहभाग आणि स्थानिक भाषा यांवर भर आहे, पण खरं कारण ते नाही. मींड, गमक, साथ, घराणं हे शब्द आपल्या श्रोत्याला आधीच येतात, आणि या संगीताबद्दल त्या शब्दांत बोललं की ते लगेच जवळ येतं.

हवाईयन नावांचा उच्चार देवनागरीत लिहून घ्या, आपली लिपी त्यांच्या ऱ्हस्व-दीर्घ स्वरांना चांगली सोसते. प्रत्येक स्वर वेगळा उच्चारायचा : के-आ-वे, पा-हि-नु-ई. काही ठिकाणी दोन स्वरांच्या मध्ये घशात क्षणभर अडवायचं असतं. ‘होओपीई’मध्ये तसं दोनदा आहे, नाहीतर ‘होपी’ होऊन बसतं. शक्य असेल तर त्या वादकाच्या विद्यार्थ्याने किंवा कुटुंबीयाने नाव कसं उच्चारलंय ते मुलाखतींत ऐका.

गाण्याचा अर्थ दोन वाक्यांत सांगा, पण नेमका. हवाईच्या गाण्यांत फूल, पाऊस, वारा हे अनेकदा माणसाबद्दल असतात. काही गाणी विशिष्ट व्यक्तीच्या सन्मानासाठी रचलेली असतात आणि त्यांच्या घराण्यात जपली जातात. ज्याचा अर्थ खात्रीने सापडला नाही त्यावर आपली कल्पना लादू नका. १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानी यांचं राज्य उलथवलं गेलं, १८९६ पासून शाळांतून हवाईची भाषा हद्दपार झाली, आणि १९७८ मध्ये ती पुन्हा राज्याची अधिकृत भाषा झाली. हा काळ डोक्यात ठेवून बोललात तर ‘स्वप्नातली बेटं’, ‘नंदनवन’ असले शब्द आपोआप गळून पडतील. लाटांचा आवाज पार्श्वभूमीला लावण्याचा मोहही टाळा. तो १९३५ मध्ये नवा होता, आता तो ऐकणाऱ्याला हॉटेलच्या जाहिरातीकडे नेतो.

नाव घेण्याची पद्धत ठरवून टाका : गाण्याआधी गायक आणि गाणं, गाणं संपल्यावर स्टील वाजवणाऱ्याचं नाव, साल, शहर. सलग तीन गाणी लावली तर तिन्हींची नावं परत उलट क्रमाने. नुकतंच ऐकलेलं गाणं श्रोत्याच्या कानात ताजं असतं, म्हणून शेवटचं आधी.

पायरी ७ : वादकाला माईकसमोर आणा

दूरवरून मुलाखत घ्यायची तर वादकाला त्याच्याच खोलीत, फोनवर का होईना, वेगळं मुद्रण करून फाइल पाठवायला सांगा. कॉलच्या आवाजात स्टील कधीही वाजवून घेऊ नका. कॉलची यंत्रणा लांब, हळू विरणारा सूर हा गोंगाट समजून कापते. इलेक्ट्रिक असेल तर ॲम्प्लिफायरसमोर, शंकूच्या मध्यापासून थोडा बाजूला मायक्रोफोन. लाकडी किंवा धातूच्या पोकळ गिटारला हातभर अंतरावरून, आवाजाच्या भोकाच्या थेट समोर नाही. तिथे गुंजन फार येतं.

विचारायचं काय? ‘तुम्हाला प्रेरणा कुणाची’ याने काही हाती लागत नाही. ‘हा तुकडा तुम्ही कुणाकडून उचलला, तो दाखवा, आणि मग तुम्ही त्यात काय बदललं ते दाखवा’ असं म्हणा. हातात वाद्य असलं की वादक मोकळा बोलतो. कोणत्या ट्युनिंगमध्ये आहात, तारा कोणत्या, गुरूंनी काय वाजवू नकोस म्हणून सांगितलं होतं, हेही विचारा. अशी वीस मिनिटं पुढच्या शिकणाऱ्याला वर्षभर पुरतात.

पायरी ८ : चालू ठेवा

वेळ ठरलेली आणि न बदलणारी हवी. पहाटेची किंवा रात्री उशिराची मिळाली तरी घ्या, पण ती हलू देऊ नका. दोन-तीन भाग नेहमी आधी तयार ठेवा, म्हणजे आजारपणात खंड पडणार नाही. एक सहकारी पहिल्याच हंगामात तयार करा. त्याला कार्डं कशी भरायची ते शिकवा आणि महिन्यातला एक भाग पूर्णपणे त्याच्या हाती द्या. असे अनेक कार्यक्रम एकाच माणसाच्या खांद्यावर असतात आणि त्याच्याबरोबरच संपतात.

प्रत्येक भागाची पूर्ण यादी, स्टीलवादकांच्या नावांसह, स्टेशनकडे जमा करा आणि जाहीरही करा. शोध घेणाऱ्या शिकाऊ वादकाला मुद्रणापेक्षा कधी कधी ही यादीच जास्त उपयोगी पडते. ज्यांचं संगीत लावलं त्या वादकांना, ते नसतील तर त्यांच्या मुलांना किंवा विद्यार्थ्यांना, त्या भागाची प्रत पाठवा. उत्तरात एखादं छायाचित्र, एखादं दुरुस्त केलेलं साल येतं, आणि तुमचं कार्ड पूर्ण होतं.

नाव न सापडलेल्या मुद्रणांची वेगळी यादी ठेवा आणि तीन महिन्यांतून एकदा तिच्यातली पाच-सहा गाणी पुन्हा लावा. लावण्यापूर्वी श्रोत्यांना सांगा की स्टील कोणाची ते कळलेलं नाही, काय ऐकायचं तेही सांगा : कंप कसा आहे, व्हॅम्प कसा आहे. कुणी नाव कळवलं तर दुसऱ्या कुणाकडून किंवा एखाद्या नोंदीतून पडताळा. जुळलं की पुढच्याच आठवड्यात तेच गाणं परत लावा आणि या वेळी नाव आधी घ्या.